कागद कुणाच्या शेजारी होता

ऑगस्ट २०२४ मध्ये, जन्माष्टमीच्या पाठोपाठ, विश्वामित्री नदीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं. बाहेरगावच्या लोकांना त्यातल्या मगरी आठवतात, कारण त्यांचे व्हिडिओ देशभर फिरले. आम्हाला गच्च्या आठवतात. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या सोसायट्यांत ज्या गच्चीकडे पाहावं तिथे गाद्या, शाळेची पुस्तकं आणि कागद वाळत घातलेले. खरेदीखतं, विम्याच्या पॉलिसी, गुणपत्रिका, कुणाची तरी पत्रिका. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर वाट्या, बत्ता, अडकित्ता, जे हाताला लागेल ते ठेवलेलं.

दादाचं घर अकोट्याच्या बाजूला, तळमजल्यावर. लोखंडी कपाटाचे खालचे दोन खण पाण्यात गेले आणि नेमके त्याच खणांत आजोबांपासूनचे कागद होते. वरच्या खणांत साड्या होत्या. ह्या विषयावर वहिनीशी कुणी बोलायचं नाही असं घरात ठरलेलं आहे.

भिजलेल्या कागदाला साधारण दोन दिवसांची मुदत असते. त्यानंतर बुरशी धरते, आणि श्रावण-भाद्रपदातल्या दमट हवेत ती वाटही पाहत नाही. पहिली इच्छा होते ती सगळं उन्हात टाकायची. तेच करायचं नसतं. कडक उन्हात कागद पापडासारखा वळतो, पिवळा पडतो आणि पुढे घडीवर तुटतो. सावलीत, पंख्याखाली, खाली कोरा शोषणारा कागद घालून आणि तो दर काही तासांनी बदलून वाळवायचा. गठ्ठा ओला असताना पानं सोडवायला जाऊ नये. ओला कागद स्वतःचंच वजन पेलू शकत नाही. आणि गठ्ठे हाताबाहेर असतील तर ते गोठवायचे. हे ऐकून दादा माझ्याकडे बघतच राहिला. पण गोठवल्याने कागद सुधारत नसला तरी बुरशी थांबते आणि आपल्याला सवड मिळते. कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याकडे वीज आली होती आणि डीप फ्रीझरमधला माल आधीच वितळून गेला होता. आमच्या घराण्याचा सत्तर-ऐंशी वर्षांचा कारभार प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून गणपती येईपर्यंत त्याच्याकडे राहिला.

पाण्याने शाईंचा निकाल लावून दिला. बाबांनी हौसेने फाउंटन पेनात भरलेली निळी शाई वाहून गेली; पत्रांच्या जागी आकाशी डाग राहिले. आजोबांची निळी-काळी शाई मात्र जागची हलली नाही. तिच्यात लोह असतं, ती सुकता सुकता काळी होते आणि कागदाच्या धाग्यात बसते. बॉलपेन तेलाचं, त्यामुळे ते टिकलं. रबरी शिक्क्यांचा जांभळा रंग मागच्या पानांवर उमटला. भाच्याने घरच्या इंकजेटवर काढलेले कागद धुऊन निघाले, झेरॉक्स टिकली. पण जी झेरॉक्स स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये होती तिची अक्षरं उचलून प्लॅस्टिकला चिकटली होती. झेरॉक्सची काळी भुकटीही एक प्रकारचं प्लॅस्टिकच, आणि मऊ फोल्डर तिला ओढून घेतो. त्याला पुराचीही गरज नसते, वैशाखातलं बंद कपाट पुरतं. सर्वांत वाईट गत लॅमिनेशनची. कडेने आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती, आणि तापवून चिकटवलेलं ते आवरण कागदाला इजा न करता सोडवता येत नाही. दहावीचा दाखला कौतुकाने लॅमिनेट करून आणणाऱ्या प्रत्येक बापाला हे सांगावंसं वाटतं. पण बाप ऐकत नाहीत.

आजोबांचे गठ्ठे जुन्या धोतराच्या फडक्यात होते. त्यांतलं पाणी फडक्यातून निथळून गेलं.

खरा पेच वाळवताना आला. दादा आणि भाचा दोघे शिस्तीचे. त्यांनी दिवाणखान्यात ढीग मांडायला घेतले: घराचे, नोकरीचे, देण्याघेण्याचे, दवाखान्याचे, किरकोळ. मी सगळी नोकरी ऑडिटमध्ये काढली. एका वर्षाची व्हाउचरं दुसऱ्या वर्षाच्या गठ्ठ्यात गेली की काय होतं ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे ढीग बघून माझं डोकंच फिरलं. थांबा म्हटलं. प्रत्येक गठ्ठ्याला मऊ पेन्सिलने अक्षर द्या, गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात आकडा घाला, आणि मग काय ते वाळवा. "ताई, आधी कागद वाचव, मग आकडे घाल," असं दादा म्हणाला. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण मी हटले नाही.

का हटले नाही, ते एका पुडक्यावरून सांगते. आजोबा गायकवाड सरकारच्या महसूल खात्यात कारकून होते. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि संस्थानाच्या नोकरांसारखेच तेही नव्या राज्याचे नोकर झाले. त्या वर्षाचं एक पुडकं, सुती दोऱ्याने बांधलेलं. वर बदलीचा हुकूम, जून १९४९ चा. त्याखाली अर्ध्या पानाची एक चिठ्ठी: पाटल्यांची जोडी एक, वजन, रक्कम, व्याजाचा दर, आणि मिती ज्येष्ठ वद्य ५. शकही नाही, सालही नाही, सहीसुद्धा अर्धवट. तिच्याखाली नव्या गावातल्या खोलीच्या पहिल्या भाड्याची पावती. मग काकाच्या शाळेची फी, इथली, वडोदऱ्याची.

आत्या आम्हाला लहानपणापासून सांगत आली की आजीच्या पाटल्या काकाच्या मुंजीत गेल्या. काकाची मुंज त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाली. पाटल्या मुंजीत गेल्या नव्हत्या. बदली झाली, मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड इथेच ठेवावं लागलं, दोन चुली झाल्या, त्यात त्या गेल्या. हे कुठल्याही एका कागदावर लिहिलेलं नाही. ती चिठ्ठी 'देण्याघेण्याचे' ह्या ढिगात गेली असती तर ती साल नसलेली, कुणाची ते न कळणारी, फेकून द्यायच्या लायकीची एक चिठ्ठी झाली असती. तिचं साल तिच्यावर नाही, तिच्या शेजाऱ्यांवर आहे. आजोबांना हे ठाऊक असणार. कारकून माणूस, दोरा उगीच बांधत नाही. आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असेल. पण मुंजीतही खर्च झालाच होता."

अभिलेखागारात काम करणारे हा नियम पहिल्या दिवशी शिकतात: कागद ज्या कचेरीतून आले त्या कचेरीचे म्हणून एकत्र ठेवायचे, आणि ज्या क्रमाने आले तो क्रम मोडायचा नाही. ग्रंथालयाचा रिवाज नेमका उलटा, आणि वडोदऱ्यात दोन्ही रिवाज एकाच संध्याकाळी पायी हिंडून बघता येतात. मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला आणून तिची घडी बसवून घेतली. आत मजल्यावर मजले चढवलेल्या पोलादी मांडण्या आहेत आणि त्यांच्यामधली जमीन जाड काचेची, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो आणि पुस्तकांजवळ दिवा न्यावा लागत नाही. तिथे पुस्तक विषयवारीने बसतं. ते बरोबरच आहे, कारण पुस्तक आपलं आपण पुरं असतं. त्याला कुठेही ठेवा, ते तेच सांगेल. तिथून कोठी नावाच्या भागाकडे या. तिथल्या सरकारी अभिलेखागारात संस्थानाचं दप्तर आहे, त्यात मोडीतले रुमाल आहेत. त्यांतला एक कागद काढून 'शेती' ह्या विषयाखाली लावला तर त्या कागदाचा निम्मा अर्थ रुमालातच राहून जाईल.

रुमाल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. चौकोनी मोठं फडकं, बहुधा खारव्याचं किंवा मांजरपाटाचं. आत पुडकी. पुडक्यात लांबट, अरुंद कागद, घड्या घातलेले. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची, अशी ती मोडी लिपी. काना, उकार, सगळं एका झपाट्यात. आणि साल बघायला जावं तर आकड्यांत नाहीच, अरबी शब्दांत: खमस तिसैन मया व अलफ. पाच, नव्वद, शंभर आणि हजार, म्हणजे मराठी दप्तरांत चालणारा सुहूर सन ११९५. त्यात ५९९-६०० मिळवले की इसवी सन १७९४-९५, खर्ड्याच्या लढाईचं वर्ष. पुष्कळ कागदांवर एवढंही नसतं. नुसता चांद्र महिना आणि तारीख, किंवा ओळीच्या शेवटी "बहुत काय लिहिणे". असा कागद सुटा हाती आला तर मोडी वाचता येऊनही हात टेकावे लागतात. पुडक्यात असला तर मागचा-पुढचा कागद त्याला वर्ष देतो. दुपट्टी जाड हातकागद, चिंध्यांच्या लगद्याचा, दोनशे वर्षांनी अजून मऊ. आणि बाबांच्या ऑफिसातला १९७०च्या सुमाराचा टंकलेखनाचा कागद बघा, घडी उघडताना तुकडा हातात येतो. लाकडाच्या लगद्यात आणि तुरटीच्या खळीत आम्ल राहतं, ते आतूनच खात जातं.

आपण म्हणतो की पूर्वजांनी कागद जपले. मला ते फारसं पटत नाही. जपले जातात ते कागद ज्यांच्यावर कुणाचा तरी हक्क अडकलेला असतो. पुण्याचं पेशवे दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या हाती आलं. त्यांना मराठ्यांच्या इतिहासाचं प्रेम होतं असं नाही. इनामांचे दावे खरे की खोटे हे तपासायला ते लागत होतं. इनाम कमिशनने त्याच दप्तरावरून सनदा पडताळल्या आणि कितीकांची इनामं गेली. म्हणजे ज्या कागदांवर पुढे आपण इतिहास रचला, त्यांची मांडणी जमिनी काढून घेण्याच्या कामासाठी झाली होती. मग १९३० ते १९३४ च्या दरम्यान त्या डोंगरातून निवड होऊन ४५ भाग छापले गेले. ते काम करणारे गोविंदराव सरदेसाई आमच्याच गावात घडलेले. १८८९ ते १९२५, छत्तीस वर्षं त्यांनी बडोद्याच्या नोकरीत काढली. महाराजांना वाचून दाखवायचं, राजपुत्रांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात 'मराठी रियासत' हा इतिहास लिहायचा. वडोदऱ्यातल्या मराठी माणसाला ह्याचा अभिमान असतो, मलाही आहे. पण निवड म्हणजे निवडच. संपादकाला महत्त्वाचं वाटलं ते छापलं गेलं. छापलेला कागद वाचताना मला नेहमी वाटतं, ह्याच्या खाली काय होतं? एखादी पाटल्यांची चिठ्ठी?

कायद्यालाही कागदाचं घर बघावंसं वाटतं, हे मला फार उशिरा कळलं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातलं ९० वं कलम असं: दस्त तीस वर्षांचा जुना असेल आणि 'योग्य ताब्यातून' न्यायालयापुढे आला असेल, तर त्यावरची सही आणि हस्ताक्षर ज्याचं म्हणून दिसतं त्याचंच आहे असं न्यायालयाला धरून चालता येतं. साक्षीदार मेले असले तरी चालतं, तीस वर्षांत ते बहुधा मेलेलेच असतात. योग्य ताबा म्हणजे काय? तो कागद स्वाभाविकपणे ज्या जागी आणि ज्या माणसाजवळ असायला हवा, तिथे असणं. खरेदीखत खरेदीदाराच्या मुलाच्या पेटीत सापडलं तर ठीक. परक्या माणसाच्या हातून आलं तर तो तिथे कसा पोचला ते आधी सांगा. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही हा नियम आहे. गंमत अशी की इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी तीसच्या जागी पाचच वर्षं धरलेली आहेत. कायदा करणाऱ्यांनाही पेनड्राइव्हच्या आयुष्याचा अंदाज असावा.

बाबा गेल्यावर वारसाईसाठी पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, करायला गेले तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने मान वर न करता पहिला प्रश्न विचारला, "असल लाव्या छो, बेन?" मूळ कागद आणलेत का? झेरॉक्सचा गठ्ठा, पीडीएफ, फोनमधले फोटो, सगळं माझ्याकडे होतं. असल दादाच्या कपाटात, खालच्या खणात. तेव्हा कोरडं होतं.

आता भाच्याचं. त्याला वाटतं मी स्कॅनिंगच्या विरोधात आहे. मुळीच नाही. पुरानंतर घरातलं सगळं स्कॅन त्यानेच केलं, रात्री जागून केलं, आणि चांगलं केलं. डिजिलॉकरचीही माझी तक्रार नाही. तिथे कागद देणाऱ्या कचेरीकडूनच येतो, त्याला मूळ कागदाचा मान आहे, आणि गाडीचं लायसन पुरात वाहून जाण्याची भीती त्याने संपवली. पण पाटल्यांची चिठ्ठी कुठलं सरकार लॉकरमध्ये घालणार? ती आपणच घालायची. आणि तिथे मुलांचं चुकतं ते असं की ती एकेका कागदाचा फोटो काढतात, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, तो दाबून बारीक होतो, नाव पडतं 'आयएमजी' आणि पुढे आकड्यांची रांग, आणि झालं जतन. पुढच्या फोनमध्ये ते कुठे असेल देव जाणे. मी त्याच्याकडून एवढंच करून घेतलं: फोल्डर पुडक्याचा, विषयाचा नाही. नाव वर्षापासून सुरू, मग गठ्ठ्याचं अक्षर, मग कागदाच्या मागे पेन्सिलने घातलेला तोच आकडा. '१९४९-ग-०२'. संगणक आपोआप ओळीत लावतो आणि बदलीच्या हुकमानंतर चिठ्ठी येते, चिठ्ठीनंतर भाडं. पुडक्यातला दोरा नोंदायचं मात्र राहिलं होतं, म्हणून दोरा सोडण्याआधीचा एक फोटो प्रत्येक फोल्डरच्या सुरुवातीला घातला. सगळ्याच्या दोन प्रती, एक माझ्याकडे राजमहाल रोडला दुसऱ्या मजल्यावर, एक बहिणीकडे नाशिकला. विश्वामित्री आणि गोदावरी एकाच आठवड्यात दोन्ही घरांत शिरणार नाहीत असं धरून चाललो आहोत.

टाकायचं काय, ह्यावर घरात अजून एकमत नाही. सरकारला ते सोपं असतं. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत अ, ब, क, ड असे वर्ग करतात. अ कायमचे, ब तीस वर्षांचे, आणि ड म्हणजे वर्षभरात रद्दी. केंद्राच्या कागदांसाठी १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, त्यात तर सरळ म्हटलंय की १८९२ पूर्वीचा कागद, अगदीच गलितगात्र असल्याखेरीज, नष्ट करायचा नाही. १८९१ मध्ये कलकत्त्याला इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट निघालं, तेच आजचं राष्ट्रीय अभिलेखागार. त्याच्या आधीचं जे वाचलं ते वाचलंच. कुटुंबाला असली रेघ ओढता येत नाही. विजेची बिलं मी स्वतः पोत्याने रद्दीत दिली, दर वर्षाचं एक ठेवून. थर्मल कागदावरच्या पावत्या पूर येण्याआधीच कोऱ्या झाल्या होत्या. बँकेची जुनी पासबुकं ठेवली, चेकबुकांचे बुंधे टाकले. बाबांचे रक्ताचे रिपोर्ट टाकताना दादाचा हात अडखळला, मी काही बोलले नाही, त्याने ते परत ठेवले. ठेवू दे.

भांडण उरलंय ते तिसऱ्या पेटीवरून. तिच्यात नुसत्या लग्नपत्रिका आहेत, पन्नासेक वर्षांच्या, निम्म्या लोकांची नावंही आता ओळखीची नाहीत. दादाच्या मते ही निव्वळ रद्दी आहे आणि पेटी रिकामी झाली तर त्याला ती टाकीवर ठेवायला हवी आहे. दिवाळीत तो हा विषय काढणार. मी पेटी सोडणार नाही. आईने प्रत्येक पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलने त्या लग्नाला काय आहेर केला ते लिहिलंय, आणि त्याच घरच्या माणसांनी आमच्याकडे काय आणलं तेही. स्टीलचा डबा, अकरा रुपये, ब्लाउजपीस, पुन्हा स्टीलचा डबा. १९८० नंतर अकराचे एकवीस होतात. माझ्या लग्नाच्या वर्षी मात्र आईने सगळ्यांना पाचच रुपये दिलेले दिसतात, आणि ते का, हे मला पत्रिका लागोपाठ लावून झाल्यावर बघायचं आहे.